एक्सेल फाइल सेव्ह होत नाही? आधी ती बंद करू नका



जीएसटीची ११ किंवा २० तारीख, मार्चअखेर, नाहीतर दिवाळीच्या आधीचा आठवडा. एक्सेलची फाइल दगा देते ती नेमकी अशाच वेळी, असं तुम्हाला वाटतं ना? यात नशिबाचा काही संबंध नाही. याच दिवसांत आपण त्या फाइलवर सगळ्यात जास्त वेळ बसतो, घाईत बसतो, चार फाइली एकदम उघड्या ठेवतो आणि एकीतून दुसरीत रंगासकट कॉपी-पेस्ट करत सुटतो. मग ती तेव्हाच अडणार.

दोन तास बसून तुम्ही विक्रीच्या नोंदी भरल्या, कंट्रोल आणि एस दाबलं, आणि समोर इंग्रजी चौकट आली. कधी नुसतंच 'डॉक्युमेंट नॉट सेव्ह्ड'. कधी लांबलचक वाक्य, त्याचा अर्थ एवढाच की सेव्ह करताना चुका सापडल्या, फाइलमधल्या काही गोष्टी काढून टाकल्या तर ती वाचेल कदाचित. अशा वेळी घाबरून बरेच जण एकच गोष्ट करतात: फाइल बंद करून परत उघडून बघतात. आणि खरं नुकसान तिथेच होतं.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना गोंधळ नको. फाइल बिघडली याचं मला फारसं काही वाटत नाही. मशीन आहे, कधीतरी बिघडणारच. पण एक फाइल बिघडली म्हणून आख्खा धंदा चार दिवस बंद पडतो, याचं मात्र वाटतं. त्यावर मी खाली बोलणारच आहे. पण तुमची फाइल या क्षणी अडकलेली असेल तर भाषण कोण ऐकणार? म्हणून आधी ती सोडवू.

फाइल अजून स्क्रीनवर उघडी असेल तर

स्क्रीनवर आकडे दिसतायत तोवर ते कॉम्प्युटरच्या मेमरीत जिवंत आहेत. फाइल बंद केली, मशीन रीस्टार्ट केलं किंवा लाइट गेली की ते गेले. म्हणून लॅपटॉप असेल तर आधी चार्जर लावा. डेस्कटॉप असेल आणि यूपीएस नसेल, तर हातचं सगळं सोडून हेच काम करा.

पहिलं काम अगदी बिनडोक वाटेल, पण करा. मोबाइल काढा आणि आज भरलेल्या नोंदींचे स्क्रीनचे फोटो काढा. काहीच नाही जमलं, तरी फोटोवरून परत भरता येतं. मग एक नवी कोरी फाइल उघडा. जुन्या फाइलच्या शीटवर कंट्रोल-ए, कंट्रोल-सी, आणि नव्या फाइलमध्ये साधं पेस्ट करू नका, 'पेस्ट स्पेशल' मध्ये जाऊन 'व्हॅल्यूज' निवडा. म्हणजे फक्त आकडे आणि अक्षरं येतील. रंग, चौकटी, फॉर्म्युले, चार्ट मागे राहतील. कारण बिघाड बऱ्याचदा त्या सजावटीत असतो, आकड्यांत नसतो. साधं पेस्ट केलंत तर रोग पण सोबत येतो. ही नवी फाइल थेट डेस्कटॉपवर, छोट्या नावाने सेव्ह करा. पेन ड्राइव्हवर नको, शेअर्ड फोल्डरमध्ये नको.

नवी फाइल सेव्ह झाली? मग निम्मं संकट टळलं. आता चहा घ्या, आणि मग जुन्या फाइलकडे वळा.

तीही होत नसेल, तर एफ-१२ दाबून 'सेव्ह ॲज' मध्ये सीएसव्ही हा प्रकार निवडून बघा. सीएसव्ही म्हणजे निव्वळ मजकूर. एका वेळी एकच शीट सेव्ह होते, फॉर्म्युले आणि रंग जातात, पण नोंदी राहतात. एक सावधगिरी: ही सीएसव्ही नंतर एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडली की आकड्यांच्या सुरुवातीची शून्यं गायब होतात, आणि एक्सेल १५ पेक्षा जास्त अंक आकडा म्हणून नीट धरत नाही. त्यामुळे १६ अंकी बँक खाते क्रमांक असतील तर शेवटचा अंक शून्य झालेला दिसेल. अशा रकान्यांवर नजर ठेवा.

आणि ती 'काही गोष्टी काढून टाकून वाचवू का' वाली चौकट आली तर? 'कंटिन्यू' म्हणायला हरकत नाही, पण नाव नवीन द्या. जुन्या फाइलवर काहीही लिहू देऊ नका. ती कितीही बिघडलेली असली तरी तोच आपला मूळ पुरावा आहे.

मुळात सेव्ह होताना होतं काय?

हे एकदा समजून घ्या, म्हणजे निम्मी भीती जाईल. आपल्याला वाटतं की सेव्ह दाबलं की एक्सेल जुन्या फाइलवरच पुसून नवं लिहितं. तसं नाही. कॉम्प्युटरवरच्या साध्या फाइलच्या बाबतीत एक्सेल त्याच फोल्डरमध्ये विचित्र नावाची एक तात्पुरती फाइल बनवतं, सगळा मजकूर त्यात लिहितं, आणि लिहून पूर्ण झालं की जुनी फाइल काढून त्या नव्या फाइलला जुनं नाव देतं. म्हणजे नवं घर बांधून झाल्यावरच जुनं पाडायचं, अशी शहाणी पद्धत.

पण या पद्धतीला तीन गोष्टी लागतात: फोल्डरमध्ये जागा, तिथे लिहायची परवानगी, आणि मधल्या काही सेकंदांत दुसऱ्या कोणी त्या फाइलला हात न लावणं. आता तुमच्या दुकानातलं चित्र बघा. पेन ड्राइव्ह भरत आलेला किंवा यूएसबीच्या खाचेत ढिला. अँटिव्हायरस प्रत्येक नवी फाइल तपासायला धावतोय. गूगल ड्राइव्ह किंवा वन ड्राइव्ह तीच फाइल वर चढवायच्या खटपटीत. काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर कोणीतरी तीच फाइल उघडून जेवायला गेलंय. यातलं एक जरी घडलं तरी सेव्ह अडतं, आणि फाइल मात्र ठणठणीत असते!

म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी हाच: तीच फाइल दुसऱ्या नावाने डेस्कटॉपवर सेव्ह होते का? होत असेल तर फाइल खराब नाही, जागा खराब आहे. रिपेअरच्या मागे लागू नका. लांब नावाचंही तसंच. फाइलचा पूर्ण पत्ता, म्हणजे सगळ्या फोल्डरांची नावं आणि फाइलचं नाव मिळून, २१८ अक्षरांच्या पुढे गेला की एक्सेल हात वर करतं. 'फायनल', त्याच्या आत 'खरं फायनल', त्याच्या आत 'सीए साहेबांना पाठवलेलं फायनल दुरुस्त' अशी फोल्डरं आपल्यापैकी कोणाकडे नाहीत?

अजून दोन कारणं, जी बिघाड नसून बिघाडासारखी दिसतात. एक, वरच्या पट्टीत 'अनलायसन्स्ड प्रॉडक्ट' असं लिहून आलंय का बघा. ऑफिसची मुदत संपली असेल तर फाइल दिसते, छापताही येते, पण तिच्यात काम करता येत नाही. अशा वेळी पोरं फाइल रिपेअर करत बसतात आणि दुखणं भलतीकडेच असतं. (कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वस्तात 'टाकून घेतलेल्या' ऑफिसबद्दल मी वेगळं काय सांगू? तुम्हाला कळतंय.) दुसरं, व्हॉट्सॲपवर किंवा मेलवर आलेली फाइल तिथल्या तिथे उघडून तिच्यात काम करणं. ती एक तात्पुरती प्रत असते. कधी ती सेव्हच होत नाही, कधी सेव्ह होते पण कुठल्या फोल्डरमध्ये गेली ते सापडत नाही. आधी डाउनलोड करा, आपल्या फोल्डरमध्ये ठेवा, मग उघडा.

बंद झाली, आणि आता उघडतच नाही

इथे शांतपणा महत्त्वाचा. आधी बिघडलेल्या फाइलची एक प्रत करा आणि सगळे प्रयोग त्या प्रतीवर करा.

मग एक्सेल उघडून 'फाइल', 'ओपन', 'ब्राउज' असं जा. फाइलवर एकदाच क्लिक करा. खाली 'ओपन' बटणाच्या शेजारी एक छोटा बाण असतो, तो दाबला की 'ओपन अँड रिपेअर' दिसतं. आधी 'रिपेअर' करून बघा, नाही जमलं तर परत येऊन 'एक्स्ट्रॅक्ट डेटा'. हे बटण वर्षानुवर्षं तिथेच आहे, पण तो बाण कोणी दाबतच नाही. मग 'फाइल', 'इन्फो', 'मॅनेज वर्कबुक' मध्ये जाऊन 'रिकव्हर अनसेव्ह्ड वर्कबुक्स' बघा. एक्सेल स्वतःहून दर १० मिनिटांनी एक आपत्कालीन प्रत ठेवत असतं. ती तिथे सापडू शकते. लाइट गेल्यामुळे सेव्ह अर्धवट राहिलं असेल तर फाइलच्या फोल्डरमध्येच बघा. आठ अक्षरांची, एक्सटेन्शन नसलेली, साधारण तेवढ्याच आकाराची अनोळखी फाइल पडलेली दिसली तर ती तीच, मघाशी सांगितलेली तात्पुरती फाइल. तिची प्रत करा, शेवटी डॉट एक्सएलएसएक्स लावा आणि उघडून बघा.

एक्सेलला जमत नसेल तर दुसऱ्याला विचारा. लिबर ऑफिस हे फुकट मिळतं, त्यातलं कॅल्क बऱ्याचदा अशी फाइल उघडतं जिला एक्सेल दारातूनच परत पाठवतं. गूगल शीट्समध्ये चढवूनही बघा. आणि घरात कॉम्प्युटरचं शिकणारा भाचा-पुतण्या असेल तर त्याला सांगा की २००७ पासूनची एक्सएलएसएक्स फाइल ही मुळात झिप फाइल असते. प्रतीचं एक्सटेन्शन बदलून झिप करायचं, उघडायचं, आत 'एक्सएल' नावाच्या फोल्डरमध्ये 'वर्कशीट्स' मध्ये प्रत्येक शीट वेगळी पडलेली असते. फाइल फुगलीय कशाने हेही तिथेच कळतं. 'मीडिया' फोल्डर उघडा, तुम्ही पेस्ट केलेले बिलांचे सगळे फोटो तिथे सापडतील.

फाइलचा आकारच शून्य केबी दिसत असेल तर मात्र तिच्यात काही उरलेलं नाही. तिच्यावर वेळ घालवू नका, जुनी प्रत शोधा. फाइल गूगल ड्राइव्हवर असेल तर तिथे 'मॅनेज व्हर्जन्स' मध्ये मागच्या ३० दिवसांतल्या प्रती मिळतात. सीए साहेबांना मागच्या महिन्यात मेल केलेली फाइल असेल, तीही प्रतच आहे.

एक गोष्ट मात्र करू नका. 'तुमची फाइल फुकट दुरुस्त करून देतो' म्हणणाऱ्या कुठल्याही अनोळखी वेबसाइटवर ती चढवू नका. त्या फाइलमध्ये तुमच्या गिऱ्हाइकांची नावं, मोबाइल नंबर, तुम्ही कोणाला काय भावाने माल देता, हे सगळं आहे. कुलूप अडकलं म्हणून रस्त्यावरच्या कोणाच्याही हातात आपण तिजोरी उचलून देतो का?

आता मुद्द्याचं: गेलेलं काय परत येतं, काय येत नाही

समजा सगळं करून झालं आणि फाइल गेली. लोक म्हणतात, 'सर, बरबाद झालो.' थांबा, हिशोब करू. खरेदी? ज्या पुरवठादारांनी रिटर्न भरलंय त्यांची बिलं जीएसटी पोर्टलवर तुमच्या टू-बी मध्ये दिसतात. आधी भरलेली विक्री? तुमच्याच जीएसटीआर-१ मध्ये आहे. बँकेतून गेलं-आलं ते स्टेटमेंटमध्ये आहे, यूपीआयचं ॲपमध्ये आहे. बिलबुकाच्या कार्बन प्रती कपाटात आहेत. कंटाळवाणं काम आहे, चार रात्री जातील, पण होईल.

परत येत नाही ती उधारी. रोखीतली, तोंडी ठरलेली, 'पुढच्या फेरीला देतो' वाली.

घरून पापड-मसाल्यांचा धंदा करणाऱ्या एखाद्या ताईचं उदाहरण घ्या. पाच तालुक्यांतल्या चाळीस दुकानांत माल ठेवते. उलाढाल ४० लाखांच्या आत, म्हणून जीएसटी नोंदणी नाही, म्हणजे पोर्टलवर काहीच नाही. दुकानदार कधी पाचशे रोख देतो, कधी हजार, कधी 'माल परत घेऊन जा' म्हणतो. हे सगळं एका एक्सेल फाइलमध्ये, आणि जगात दुसरीकडे कुठेही नाही. ती फाइल गेली की तिला चाळीस फोन करावे लागणार: 'दादा, तुमच्याकडे माझे किती बाकी आहेत?' आता विचार करा, हा प्रश्न कोण कोणाला विचारतंय! घेणारी देणाऱ्याला विचारतेय की तूच सांग किती द्यायचेत. बरेच दुकानदार खरं सांगतील, आपल्याकडे माणसं वाईट नाहीत. पण काहींना आठवणार नाही, आणि काहींना मुद्दामच आठवणार नाही. आणि त्या दिवसापासून चाळीसच्या चाळीस जणांना कळलेलं असेल की ताईकडे हिशोब नाही. पुढच्या वेळी वसुलीला गेल्यावर तिचा शब्द हलका पडणार. कोणतंही सॉफ्टवेअर ते नुकसान भरून देत नाही.

म्हणून मी म्हणतो, बॅकअप हा कॉम्प्युटरचा विषय नाही, वसुलीचा विषय आहे. आणि ज्यांची जीएसटी नोंदणी आहे त्यांच्यासाठी तो कायद्याचाही विषय आहे, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. सीजीएसटी नियमांतला नियम ५७ स्पष्ट सांगतो की हिशोब इलेक्ट्रॉनिक ठेवत असाल तर त्याचा बॅकअप असा ठेवा, की अपघाताने मूळ नोंदी नष्ट झाल्या तरी वाजवी वेळात त्या परत उभ्या करता येतील. आणि हिशोब जपायचे किती काळ? त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या देय तारखेपासून ७२ महिने. उद्या अधिकारी समोर बसल्यावर 'साहेब, फाइल करप्ट झाली' हे उत्तर कामाला येत नाही.

आपल्या आजोबांना हे कळलं होतं

जुन्या पेढीवर दोन वह्या असायच्या. रोजकीर्द आणि खतावणी. रोजकीर्दीत दिवसभर जे घडलं ते घडलं त्या क्रमाने, एकाखाली एक. त्यावरून खतावणीत प्रत्येकाचं खातं वेगळं. खतावणीवर पाणी सांडलं तरी रोजकीर्दीवरून नवी खतावणी लिहून काढता यायची. वेळ जायचा, पण हिशोब जायचा नाही.

आपण काय केलं? रोजकीर्द, खतावणी, स्टॉक, पगार, बिलाचा नमुना, गणपतीची वर्गणी, सगळं एका फाइलच्या २७ शीट्समध्ये घातलं. त्यावर सात रंग, मर्ज केलेले रकाने, बिलांचे फोटो, आणि पेन ड्राइव्हवरच्या दुसऱ्याच फाइलला जोडलेले फॉर्म्युले. मग ती जड होते, हँग होते, आणि एक दिवस सेव्ह होत नाही. तुमच्या फाइलमध्ये कंट्रोल आणि एन्ड दाबून बघा. नोंदी ९०० ओळींत संपतात आणि कर्सर जाऊन बसतो ४० हजाराव्या ओळीवर? मग त्या मधल्या रिकाम्या वाटणाऱ्या ओळींत कधीकाळी दिलेला रंग नाहीतर चौकटी बसलेल्या असणार, आणि तुम्ही ते ओझं प्रत्येक सेव्हला वाहताय.

माझा सल्ला: नोंदींची फाइल वेगळी, बघायची फाइल वेगळी. नोंदींच्या फाइलमध्ये एकच शीट. तारीख, पार्टी, तपशील, नावे, जमा. रंग नाही, मर्ज नाही, फोटो नाही, फॉर्म्युला नाही. दरवर्षी १ एप्रिलला नवी फाइल. दुसऱ्या फाइलमध्ये हवी तेवढी हौस करा, पिव्होट करा, चार्ट काढा. ती बिघडली तर पुसून टाका आणि नवी बनवा. आपली रोजकीर्द शाबूत आहे.

आणि फाइल सेव्ह झाली म्हणजे सगळं आत आलं, असंही धरून चालू नका. एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस प्रकारात ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नसते. नव्या एक्सएलएसएक्स मध्ये १०,४८,५७६ ओळी बसतात. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडचे आकडे गोळा करणाऱ्या सरकारी संस्थेने प्रयोगशाळांकडून आलेला डेटा या जुन्या प्रकारच्या फाइलींत घेतला. ओळी भरल्या आणि पुढच्या नोंदी गाळल्या गेल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातल्या १५,८४१ रुग्णांची नोंद वेळेवर आकड्यांत आलीच नाही, आणि त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधायला उशीर झाला. एका देशाच्या यंत्रणेचं हे झालं. तुमच्या जुन्या बिलिंग मशीनमधून निघणारी फाइल कुठल्या प्रकारची आहे, ते आज बघून घ्या.

'सर, मग टॅलीच घेऊ ना?'

घ्या की. पण ज्या दिवशी फाइल उडाली त्या दिवशी नको. त्या दिवशी तुम्ही घाबरलेले असता आणि समोरचा विकणारा काहीही विकून जातो. महिन्याला तीस-चाळीस बिलं, स्वतः एकटे लिहिणारे, असा धंदा असेल तर साधी नीट एक्सेल पुष्कळ झाली. दोन माणसांना एकाच वेळी नोंदी करायच्यात, बॅच आणि एक्सपायरी सांभाळायचीय, ई-वे बिलं रोज निघतायत, तेव्हा सॉफ्टवेअर घ्या आणि आनंदाने घ्या. फक्त हे लक्षात ठेवा की तेही त्याच हार्ड डिस्कवर बसणार आहे. बॅकअप न घेणारा माणूस सॉफ्टवेअर बदलल्याने बॅकअप घेणारा होत नाही.

आणि अजून एक, जे कुठल्याही एक्सेलच्या कोर्समध्ये शिकवत नाहीत. फाइल तुमच्याकडे कोण भरतं? बहुतेक ठिकाणी कामाला ठेवलेली एखादी मुलगी किंवा मुलगा. फाइल अडली की मालक पहिला ओरडतो तिच्यावर: 'काय केलंस तू?' मग पुढच्या वेळी काय होतं? सोमवारी फाइल सेव्ह व्हायला कुरकुर करायला लागते. ती घाबरून कोणाला सांगत नाही. मंगळवारी दुसऱ्या नावाने सेव्ह करून वेळ मारून नेते. बुधवारी दोन फाइलींत वेगवेगळ्या नोंदी. गुरुवारी तुम्हाला कळतं, तेव्हा कोणती खरी हे तिलाही सांगता येत नाही. सोमवारी पाच मिनिटांचं काम होतं! म्हणून तिला आजच सांगून ठेवा की फाइलने नाटक केलं की लगेच मला फोन कर, मी काही बोलणार नाही. आणि मग खरंच बोलू नका. फाइलची रचना, जागा आणि बॅकअप ठरवणं हे मालकाचं काम आहे. ती फक्त भरते.

बॅकअपची माझी पद्धत अगदी गावठी आहे. रोज संध्याकाळी दुकान बंद करताना नोंदींच्या फाइलची एक प्रत, नावात तारीख टाकून, गूगल ड्राइव्हवर. शनिवारी एक प्रत पेन ड्राइव्हवर, आणि तो पेन ड्राइव्ह घरी. दुकानातल्या ड्रॉवरमध्ये ठेवला तर आग लागल्यावर दोन्ही जाणार. महिन्याच्या १ तारखेला यातली कुठलीही एक प्रत मोबाइलवर उघडून बघायची, शेवटची नोंद दिसते का. न उघडून बघितलेल्या प्रतीला मी बॅकअप म्हणतच नाही.

आणि उधारीसाठी एक जादा काम. महिनाअखेरीला ज्याच्याकडे बाकी आहे त्या प्रत्येकाला व्हॉट्सॲपवर एक ओळ पाठवायची. फाइल नाही, फोटो नाही, साधा मजकूर: 'नमस्कार दादा, ३१ तारखेअखेर आपल्याकडे आमचे ४,३५० रुपये बाकी आहेत. काही फरक असल्यास कळवा.' समोरून 'ओके' आलं, अंगठा आला, किंवा 'नाही, मी पाचशे दिले होते' असं आलं, तरी चालेल. पाचशेची चूक लगेच दुरुस्त करा. आता ती बाकी तुमच्या फाइलमध्ये आहे, आणि देणाऱ्याच्या मोबाइलमध्येही आहे, त्याच्या उत्तरासकट. चाळीस गिऱ्हाइकांना पाठवायला अर्धा तास लागतो. या महिन्याची ३१ तारीख रविवारी येत असेल तर शनिवारी पाठवा, कारण रविवारी कोणी बाकीचा मेसेज उघडत नाही.